नावांचा रकाना : इंग्लंडमधील बालफुटबॉलच्या स्वयंसेवकांसाठी असलेली डीबीएस तपासणी

माझा मुलगा ज्या क्लबाकडून खेळतो, त्याच्या नऊ वर्षांखालील संघाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये व्यवस्थापक मिळत नव्हता. प्रशिक्षक होते, सात-सात खेळाडूंच्या सामन्यांपुरती मुले होती आणि रविवारचे मैदानही ठरले होते; परंतु मुलांची हजेरी ठेवणारे, समोरच्या संघाला वेळ कळवणारे आणि 'माझ्या मुलाला आज कमी का खेळवले' असे विचारणाऱ्या पालकांची समजूत काढणारे कोणी नव्हते. मी होकार दिला. दुसऱ्याच दिवशी क्लबाच्या वेल्फेअर ऑफिसरकडून, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्यांच्यावर असते त्या बाईंकडून, एक दुवा आला. त्यावर माझी गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासण्यासाठी अर्ज भरायचा होता, आणि त्या तपासणीचा निकाल येईपर्यंत संघाच्या यादीत माझे नाव जोडता येणार नव्हते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि मुलांच्या निमित्ताने मैदानावर ओढल्या गेलेल्या अनेक मराठी पालकांना हा अर्ज आज ना उद्या भरावा लागणार असल्यामुळे, एखाद्या हॉटेलाविषयी किंवा दुकानाविषयी जसे लिहितात तसे या सेवेविषयी सविस्तर लिहिले पाहिजे असे मला वाटले.

सेवा पुरवणाऱ्या सरकारी संस्थेचे नाव डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस असे असून सगळे तिला डीबीएस म्हणतात. पूर्वीचा क्रिमिनल रेकॉर्ड्स ब्यूरो (सीआरबी) आणि इंडिपेंडंट सेफगार्डिंग ऑथॉरिटी या दोन संस्था एकत्र करून ती डिसेंबर २०१२ मध्ये स्थापन झाली. तिची कार्यालये लिव्हरपूल आणि डार्लिंग्टन येथे आहेत आणि ती दरवर्षी ७० लाखांहून अधिक प्रमाणपत्रे देते. जुने स्वयंसेवक अजूनही 'सीआरबी झाली का' असेच विचारतात. फुटबॉलच्या बाबतीत आपण डीबीएसकडे थेट जात नाही. इंग्लंडचे फुटबॉल असोसिएशन आपल्या ऑनलाइन व्यवस्थेतून अर्ज घेते, क्लबाचा एक माणूस कागदपत्रे पाहतो आणि अर्ज पुढे जातो. सोळा किंवा त्याहून अधिक वर्षांचा जो कोणी मुलांच्या संघाचा प्रशिक्षक, साहाय्यक, व्यवस्थापक, प्रथमोपचार करणारा किंवा वेल्फेअर ऑफिसर असेल, त्याला 'एन्हान्स्ड' म्हणजे वरच्या दर्जाची तपासणी करून घ्यावी लागते आणि दर तीन वर्षांनी ती नव्याने करावी लागते.

या 'वरच्या दर्जा'चा अर्थ थोडक्यात सांगते. साध्या तपासणीत फक्त त्या शिक्षा दिसतात, ज्या उघड करण्याची कायदेशीर मुदत अजून संपलेली नाही. वरच्या दर्जाच्या तपासणीत जुन्या शिक्षा आणि पोलिसांनी दिलेल्या औपचारिक ताकिदी, काही किरकोळ व फार जुन्या नोंदी वगळून, दिसतात. त्याशिवाय शिक्षा झालेली नसतानाही एखादी माहिती संबंधित कामासाठी महत्त्वाची आहे असे स्थानिक पोलीस अधिकाऱ्याला वाटले, तर तीही प्रमाणपत्रावर छापली जाऊ शकते. शिवाय काम त्या स्वरूपाचे असेल, तर मुलांसोबत काम करण्यास बंदी असलेल्या व्यक्तींची यादी पाहिली जाते. त्या यादीतील माणसाने असे काम करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि माहीत असूनही त्याला काम देणे हाही गुन्हाच आहे.

आता अर्जाकडे वळते, कारण माझ्या मते या सेवेचे खरे गुणदोष अर्जातच दिसतात. पहिली दोन पाने कोणत्याही सरकारी अर्जासारखी आहेत. तिसऱ्या पानावर एक रकाना येतो, जो इंग्रज पालक अर्ध्या मिनिटात भरून पुढे जातात आणि ज्याच्यापाशी मी संपूर्ण संध्याकाळ बसले. जन्मापासून आजपर्यंत वापरलेली सर्व नावे लिहा. प्रत्येक नाव कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत वापरले तेही लिहा.

मी मूळची कोल्हापूरची. माझे लग्न २०१३ मध्ये झाले आणि सासरच्या रीतीप्रमाणे ताम्हणातल्या तांदळांत अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले. म्हणजे माझे आडनाव बदलले, मधले नाव वडिलांच्या जागी नवऱ्याचे आले आणि पहिले नावही बदलले. त्यानंतर पासपोर्टवर माझे माहेरचे पहिले नाव, नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव असे मिश्रण झाले. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे संपूर्ण नाव राहिले. पुण्याच्या कंपनीत पगारपत्रकावर मी लग्नानंतरही सात वर्षे माहेरच्या नावानेच होते. आणि तांदळातले नाव सासूबाईंच्या तोंडी, देवघरातल्या पत्रिकेत व सासरच्या सहकारी बँकेतील एका संयुक्त खात्यावर राहिले. एक नाव ज्या दिवशी संपते त्याच दिवशी दुसरे सुरू होते, अशी अर्ज तयार करणाऱ्याची समजूत दिसते. माझी नावे मात्र अनेक वर्षे शेजारीशेजारी नांदत होती. कोणते केव्हा संपले असे विचारले, तर खरे उत्तर असे आहे की एकही संपलेले नाही.

मी शेवटी जो मार्ग काढला तो चुकीचा होता. फक्त आडनाव आणि मधले नाव बदलल्याचे लिहिले आणि तांदळातले नाव गाळले, कारण ते कोणत्याही इंग्लिश कागदावर नव्हते. क्लबात कागदपत्रे तपासणारे गृहस्थ सत्तरीचे, अत्यंत सभ्य आणि तितकेच चिकट निघाले. पासपोर्ट, वाहन परवाना आणि कौन्सिल टॅक्सचे बिल अशी तीन मूळ कागदपत्रे मी त्यांच्यासमोर ठेवली. नियमाप्रमाणे त्यांपैकी एकावर सध्याचा पत्ता आणि एकावर जन्मतारीख लागते, बँकेचा कागद तीन महिन्यांच्या आतला चालतो आणि कौन्सिल टॅक्सचे बिल बारा महिन्यांच्या आतले चालते. हे सर्व बरोबर होते. नाव का बदलले याचा पुरावा म्हणून मी विवाह नोंदणीचा दाखला पुढे केला, आणि त्यावर लग्नानंतरचे नाव म्हणून तेच तांदळातले नाव होते. गृहस्थांनी चष्मा वर केला आणि विचारले, "मग ही तिसरी बाई कोण?" अर्ज माझ्याकडे परत आला. दुरुस्तीत दहा दिवस गेले आणि त्यात चूक पूर्णपणे माझी होती.

त्या वेळी मला राग आला होता हे कबूल करते. नंतर या रकान्याचा इतिहास कळला आणि राग ओसरला. ऑगस्ट २००२ मध्ये केंब्रिजशायरमधील सोहॅम या गावी दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयन हंटली हा तेथील माध्यमिक शाळेत केअरटेकर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत शिपाई आणि पहारेकरी यांच्या मधले काम करणारा होता. हंबरसाइड भागात राहत असताना १९९५ ते १९९९ या काळात त्याच्याविरुद्ध लैंगिक गुन्ह्यांच्या अनेक तक्रारी झाल्या होत्या. एकाही प्रकरणात शिक्षा झाली नव्हती आणि तक्रारी एकत्र जोडून कोणी पाहिल्या नव्हत्या. शाळेतील नोकरीसाठी त्याने इयन निक्सन या नावाने अर्ज केला, आणि पोलिसांनी तपासणी केली ती फक्त निक्सन या नावाची. हंटली या नावाने शोध घेतलाच गेला नाही. सर मायकेल बिचर्ड यांच्या चौकशीचा अहवाल २००४ मध्ये आला, त्यातून २००६ चा सेफगार्डिंग व्हल्नरेबल ग्रुप्स ॲक्ट आला आणि आजच्या बंदीयादीची व्यवस्था त्याच कायद्यावर उभी आहे. माझ्या संयुक्त खात्यावरचे नाव विचारणारा तो चिकट म्हातारा, हे सर्व त्याला माहीत असो वा नसो, नेमके तेच करत होता जे सोहॅमच्या वेळी झाले नव्हते.

तरीही या रकान्यात एक मोठे भोक आहे आणि ते सांगितले पाहिजे. नावे आपणच सांगायची असतात. मी विवाहाचा दाखला पुढे केला नसता, तर तिसरी बाई कोणालाही दिसली नसती. प्रामाणिक माणूस या पानावर संध्याकाळ घालवतो आणि लबाड माणूस अर्ध्या मिनिटात पुढे जातो. शिक्षा झालेले लैंगिक गुन्हेगार नाव बदलून यंत्रणेच्या नजरेतून निसटतात हा प्रश्न रॉदरहॅमच्या खासदार सारा चॅम्पियन यांनी ब्रिटिश संसदेत वारंवार मांडला आहे, आणि तो मांडावा लागतो यातच या सेवेची मर्यादा स्पष्ट होते.

नावांनंतर पत्ते. मागील पाच वर्षांचे सर्व पत्ते, मध्ये एकाही महिन्याची फट न ठेवता, द्यावे लागतात. परदेशातील पत्तेही त्यात आले. आम्ही २०२१ मध्ये येथे आलो, म्हणून माझ्या यादीत पुण्याचे एक भाड्याचे घर आणि मधल्या चार महिन्यांसाठी कोल्हापूरचे माहेर अशी भर पडली. येथे प्रत्येक वाचकाने लक्षात घ्यावे अशी गोष्ट आहे : डीबीएस भारतातील पत्ता मागते, पण भारतातील गुन्ह्यांच्या नोंदी पाहू शकत नाही. परदेशातील पोलिसांच्या नोंदी तिच्या आवाक्यातच नाहीत. म्हणजे तीन वर्षांपूर्वी आलेल्या माझ्यासारख्या बाईचे कोरे प्रमाणपत्र तिच्या आयुष्यातील शेवटच्या तीन वर्षांविषयीच काही सांगू शकते, आणि तरी ते छापले जाते अगदी तसेच, जसे या गावात जन्मलेल्या माणसाचे छापले जाते. कागदावर कोठेही अशी टीप नसते की या बाईची आधीची पस्तीस वर्षे आम्ही पाहिलेली नाहीत.

ही फट बुजवण्याची जबाबदारी क्लबावर येते. कोणत्या देशातून कोणता दाखला कसा मिळवावा याची देशवार माहिती ब्रिटनचे गृहखाते प्रसिद्ध करते, आणि आमच्या वेल्फेअर ऑफिसरबाईंनी तिच्या आधारे माझ्याकडे भारतीय पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितले. ज्यांनी व्हिसासाठी किंवा नोकरीसाठी ते काढले आहे त्यांना ठाऊक असेलच की येथून अर्ज व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून जातो आणि पासपोर्टवरील पत्त्याची पडताळणी गरज पडल्यास भारतात होते. माझ्या बाबतीत ती कोल्हापुरात झाली. वडिलांचा फोन आला : "पोरी, तिकडं पोरांना चेंडू देणार तू, आणि हवालदार आमच्या दारात! शेजारीपाजारी काय म्हणतील?" त्यांची समजूत घालायला मला जितका वेळ लागला, तितका संपूर्ण अर्ज भरायला लागला नव्हता. महाराष्ट्रात पोलीस दाराशी येणे ही गोष्ट अजूनही घराच्या अब्रूशी जोडलेली आहे. तपासणी म्हणजे संशय, असेच आपण मानतो. येथे मात्र निवृत्त न्यायाधीशापासून धर्मगुरूपर्यंत सर्वजण त्याच रांगेत उभे असतात, म्हणून त्यात कोणालाच अपमान वाटत नाही. प्रत्येक क्लब मात्र हा परदेशी दाखला तितक्या काटेकोरपणे मागतो असे दिसत नाही. शेजारच्या एका क्लबात माझ्याच बरोबर भारतातून आलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना तो कोणी विचारलाही नव्हता.

अर्ज एकदा पुढे गेल्यावर त्याचा माग ऑनलाइन ठेवता येतो आणि ही सोय उत्तम आहे. एकूण पाच टप्पे दिसतात : अर्ज मिळाला व योग्य ठरला, पोलीस नॅशनल कॉम्प्युटर पाहिला, बंदीयाद्या पाहिल्या, स्थानिक पोलिसांकडील नोंदी पाहिल्या, प्रमाणपत्र छापले. पहिले तीन टप्पे माझ्या बाबतीत तीन दिवसांत पार पडले. सगळे अडते ते चौथ्यापाशी, कारण येथे आपण जेथे जेथे राहिलो त्या त्या भागातील पोलीस दलाकडे अर्ज जातो आणि प्रत्येक दलाचा वेग वेगळा असतो. माझे दोन पत्ते दोन वेगळ्या दलांच्या हद्दीत होते. एकाने आठवड्यात काम संपवले आणि दुसऱ्याने जवळजवळ पाच आठवडे घेतले. तेवढ्या काळात हंगामाचे चार सामने झाले, आणि मी कुंपणाच्या दोरीबाहेर उभी राहून स्वतःच्या संघाचे व्यवस्थापन फोनवरून केले. नव्या माणसाला निकालाआधी काम सुरू करू न देणे हा नियम त्या वेळी जाचक वाटला. तो शिथिल असता तर या सर्व खटाटोपाला अर्थच राहिला नसता, हेही खरे.

खर्चाविषयी वाचकांचा पहिला प्रश्न असतो, म्हणून सांगते. वरच्या दर्जाच्या तपासणीचे सरकारी शुल्क डिसेंबर २०२४ पासून ४९.५० पौंड आहे. स्वयंसेवकांना मात्र ते माफ असते. फुटबॉलच्या व्यवस्थेतून अर्ज केल्यास प्रक्रियेचा थोडा खर्च येतो आणि बहुतेक क्लब तो स्वतः भरतात. येथे स्वयंसेवकाची व्याख्या मात्र काटेकोर आहे : प्रवासखर्चासारखी झळ सोडून एक पैसाही न घेणारा आणि केवळ स्वतःच्या जवळच्या नातेवाइकांसाठी काम न करणारा. संघात आपला मुलगा असला तरी बाकीच्या अकरा मुलांचेही काम आपण करत असल्यामुळे पालक त्यात बसतात. प्रशिक्षकाला दर सत्राचे वीस पौंड मानधन देणाऱ्या क्लबाने त्याला स्वयंसेवक म्हणून दाखवणे मात्र नियमभंग ठरते.

दुसरा प्रश्न असा की, मग सगळ्यांचीच तपासणी का करून घेऊ नये? आमच्याच संघातील एका आईने सभेत तशी मागणी केली : चहाच्या टेबलावर उभे राहणारे, जाळी लावणारे, कपडे धुणारे, सगळेच तपासा. हे करता येत नाही. वरच्या दर्जाची तपासणी कोणत्या कामासाठी मागता येते हे कायद्याने ठरवलेले आहे, आणि पात्र नसलेल्या माणसासाठी ती मागणे बेकायदेशीर आहे. लोकांच्या जुन्या चुका उगाच चव्हाट्यावर येऊ नयेत हा त्यामागचा हेतू मला पटतो. न पटणारी गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करणारा साहाय्यक २०१२ पासून 'नियमनाखालील कामा'च्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे त्याच्या तपासणीत बंदीयादी पाहिली जात नाही. म्हणजे मुलांपासून कायमचा दूर ठेवलेला माणूस केवळ 'मी एकटा नसतो' या आधारावर, निदान यादीपुरता, अदृश्य राहू शकतो. बाल लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाने, ज्याच्या अध्यक्षा प्राध्यापक ॲलेक्सिस जे होत्या, ऑक्टोबर २०२२ च्या अंतिम अहवालात ही यादी मुलांसोबत वारंवार काम करणाऱ्या कोणाच्याही बाबतीत पाहता यावी अशी शिफारस केली. मैदानावर दर रविवारी बारा मुले असताना 'देखरेख' म्हणजे नेमके काय, हे ठरवायला मला तरी जमणार नाही. एकाचा गुडघा फुटला की दुसरा प्रशिक्षक उरलेल्या अकरा जणांसोबत एकटाच असतो.

प्रमाणपत्र आले ते साध्या टपालाने, मुकुटाची पाणछाप असलेल्या जाड कागदावर, आणि फक्त माझ्याच पत्त्यावर. क्लबाला त्याची प्रत जात नाही. फुटबॉल असोसिएशनला त्यावर काही नोंद आहे की नाही एवढेच कळते. नोंद असेल तर मूळ कागद मागवून तिथली सुरक्षितता शाखा निर्णय घेते, आणि गल्लीतल्या क्लबाच्या सचिवाला शेजाऱ्याच्या वीस वर्षांपूर्वीच्या दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणाचा पत्ता लागत नाही. हा भाग मला सर्वांत विचारपूर्वक रचलेला वाटला. अर्ज भरण्यापूर्वीच 'माझ्या जुन्या भानगडीमुळे मला काढतील का' अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी हे नीट समजून घ्यावे. प्रमाणपत्रावर काही असणे म्हणजे आपोआप नकार नव्हे. आणखी एक सोय येथेच नोंदवते : प्रमाणपत्र निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत अपडेट सर्व्हिसमध्ये नाव नोंदवल्यास पुढच्या संस्थेला आपल्या संमतीने ऑनलाइन पडताळणी करता येते, आणि स्वयंसेवकांना ती विनाशुल्क आहे. मी पस्तिसाव्या दिवशी आठवण काढली.

आता या कोऱ्या कागदाची किंमत किती, हे. बॅरी बेनेल नावाचा प्रशिक्षक १९७० आणि १९८० च्या दशकांत उत्तर इंग्लंडमध्ये, विशेषतः क्रू अलेक्झांड्रा क्लबाशी जोडलेल्या मुलांच्या संघांत, गुणी खेळाडू हेरणारा म्हणून प्रसिद्ध होता. मुले त्याच्या घरी मुक्कामाला जात आणि आईबापांना त्याचे कौतुक वाटे. नोव्हेंबर २०१६ मध्ये माजी खेळाडू अँडी वुडवर्ड यांनी नाव लपवण्याचा हक्क सोडून आपल्यावर झालेल्या अत्याचारांविषयी जाहीरपणे सांगितले, त्यानंतर शेकडो माणसे बोलू लागली. फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या क्लाइव्ह शेल्डन यांच्या परीक्षणाने १९७० ते २००५ हा काळ तपासला. मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात किमान २४० संशयित आणि ६९२ पीडित यांचा उल्लेख आहे, आणि १९९५ च्या ऑक्टोबरपासून २००० च्या मेपर्यंत असोसिएशनने मुलांच्या संरक्षणासाठी पुरेशा वेगाने पावले उचलली नाहीत असा ठपका आहे. बेनेलला ब्रिटनमध्ये पहिली शिक्षा १९९८ मध्ये झाली आणि २०१८ मध्ये तीस वर्षांची झाली. २०२३ मध्ये तो तुरुंगात मेला. १९८५ साली आजची डीबीएस असती आणि त्याने अर्ज केला असता, तर त्याला माझ्यासारखेच कोरे प्रमाणपत्र मिळाले असते.

हे वाचताना मला कोल्हापूर आठवत राहिले. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा यांचा सामना असला की घरातला स्वयंपाकही त्या वेळेनुसार होत असे. लहान मुलांना पायात चेंडू देणारा तालमीतला कोणीतरी दादा असे, आणि तो अमक्याचा थोरला, तमक्याचा भाचा आहे एवढी ओळख पुरेशी होती. ती व्यवस्था वाईट होती असे मी म्हणत नाही. सगळी पेठ बघत असल्यामुळे तिच्यात एक प्रकारची देखरेख होतीच. पण 'आमच्या ओळखीचा आहे' हेच वाक्य बेनेलविषयीही म्हटले जात होते, आणि पालकांच्या मनात शंका येऊ नये याची काळजी तो त्याच ओळखीच्या जोरावर घेत होता.

मी अर्ज भरत होते त्याच आठवड्यात, २० ऑगस्ट २०२४ रोजी, बदलापूरचे लोक रेल्वे रुळांवर उतरले होते. शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराचा आरोप कंत्राटदारामार्फत लागलेल्या सफाई कर्मचाऱ्यावर होता, आणि दुसऱ्या दिवशी निघालेल्या राज्य शासनाच्या निर्णयात शाळांतील कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्यपडताळणी करण्याविषयी सांगितले गेले. निर्णय शाळांपुरता होता; सुट्टीतली मैदानी शिबिरे आणि खासगी अकादमी त्यात नव्हत्या. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदयादी भारतात २०१८ पासून आहे, पण ती तपासयंत्रणांनाच पाहता येते. सोहॅमचा केअरटेकर आणि बदलापूर यांच्यात बावीस वर्षांचे अंतर आहे, म्हणून मराठी पालकांनी येथील अर्जाला कंटाळण्याआधी थोडे थांबावे असे मला वाटते.

फुटबॉल असोसिएशनही केवळ या कागदावर विसंबत नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. दोन व्यक्तींची शिफारस, स्वतःविषयीचे प्रतिज्ञापत्र, मुलांच्या सुरक्षिततेचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि प्रत्येक क्लबात वेल्फेअर ऑफिसर या गोष्टी त्यासोबत येतात. २०२२ पासून क्रीडाप्रशिक्षकही 'विश्वासाच्या स्थाना'विषयीच्या कायद्यात आले, त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूशी लैंगिक संबंध ठेवणे प्रशिक्षकासाठी गुन्हा ठरला. आमच्या वेल्फेअर ऑफिसरबाईंनी माझी शिफारस देणाऱ्या दोघांनाही प्रत्यक्ष फोन केला, आणि त्यांपैकी एकीला असे विचारले की ही बाई मुलांवर चिडते तेव्हा काय करते. कोणत्याही पोलीस संगणकात हे उत्तर नाही. स्कॉटलंडमध्ये व्यवस्था वेगळी आहे. तेथे पीव्हीजी (प्रोटेक्टिंग व्हल्नरेबल ग्रुप्स) या तपासणी योजनेचे सदस्यत्व घ्यावे लागते आणि एप्रिल २०२५ पासून ते सक्तीचे आहे, म्हणून ग्लासगोच्या किंवा एडिनबराच्या मंडळींनी हा लेख तेथे जसाच्या तसा लागू करू नये.

पाचांपैकी गुण द्यायचे तर अर्जाच्या सोपेपणाला मी तीन देईन, माहितीच्या गुप्ततेला पूर्ण पाच आणि परदेशातून आलेल्यांच्या बाबतीतील उपयुक्ततेला दोन. नवीन अर्जदारांनी, विशेषतः विवाहित मराठी स्त्रियांनी, आधी घरातील सगळे जुने कागद टेबलावर पसरावेत, प्रत्येकावरचे नाव वाचावे आणि मगच अर्ज उघडावा. ज्या नावाने कोणी कधी हाकही मारली नाही तेही लिहावे. मुलांचे मधले नाव वडिलांचे असते हे कागद तपासणाऱ्याला आधीच समजावून सांगितले, तर निदान एक फेरी वाचते.

माझ्या प्रमाणपत्राची मुदत फुटबॉलच्या हिशेबाने ऑक्टोबर २०२७ मध्ये संपेल. ते पाकिटातून काढले तेव्हा नोंदींच्या सर्व रकान्यांत 'काही नाही' असे छापलेले होते, आणि वरच्या बाजूला 'इतर नावे' या ओळीत माहेरचे नाव आणि त्याच्या शेजारी तांदळातले नाव होते. फोटो काढून सासूबाईंना पाठवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि नावातला दीर्घ ईकार इंग्रजीत एकच 'आय' लावून लिहिला आहे, तो सुधारून घे म्हणाल्या.